तळ्यावरचा बर्फ गेला, शरयू

शरयू, बर्फ गेला. काल, शुक्रवारी दुपारी. म्हणजे तुझ्या नियमाने काल. माझ्या उपग्रहाच्या चित्रात तो मंगळवारीच गेला होता. तू असतीस तर यावरून आपली संध्याकाळपर्यंत जुंपली असती, आणि शेवटी "बरं बाई, पुण्याची तू, तुझंच खरं" असं म्हणून तू चहाचं आधण ठेवलं असतंस. माझं काडीचंही खरं नाही, हे सांगायची ती तुझी पद्धत होती.

हे मी फ्राऊ ल्यूडर्सच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. खिडकीतून त्यांचा लाकडी धक्का दिसतो, धक्क्याशेजारचं बोटघर दिसतं आणि त्यापलीकडे उत्तर जर्मनीच्या मेक्लेनबुर्गमधलं हे आपलं तळं. म्हाताऱ्या ल्यूडर्सबाई ओव्हनमध्ये केक ठेवून कोंबड्यांकडे गेल्या आहेत. तू जानेवारीत गेलीस, सांगलीत, आईजवळ. इन्स्टिट्यूटच्या पत्रकात तुझ्यावर चार ओळी आल्या: शिक्षण, प्रबंधाचा विषय आणि 'सदैव हसतमुख सहकारी'. हसतमुख! ज्याने हे लिहिलं त्याने तुला सकाळच्या चहाआधी कधी पाहिलेलं नसणार.

तसलं काही मला लिहायचं नाही. माझ्याकडे तुझा एक प्रश्न पडून आहे, त्याचं काय ते करायचं आहे. नोव्हेंबरमध्ये फोनवर तू विचारलंस, "मी काही आता तिकडं येत नाही. बर्फ जाताना तू बघशील का?" आणि मी म्हणाले, "काहीतरीच बोलू नकोस. मार्चमध्ये तूच उभी असशील धक्क्यावर." आजारी माणसाशी सगळे बोलतात तसंच बोलले. तू कॅन्टीनमध्ये हल्ली काय मिळतं ते विचारलंस. त्यानंतर तो विषय तू काढला नाहीस, मीही काढला नाही. तो प्रश्न मात्र हिवाळाभर माझ्या मानगुटीवर बसून होता.

आपण दोघी एकाच शरद ऋतूत या गटात आलो. काम एकच होतं. उत्तरेकडची तळी हिवाळ्यात कधी गोठतात, वसंतात कधी मोकळी होतात, याचा माग ठेवायचा. त्या तारखा मागेपुढे सरकल्या की हिवाळा कसा बदलतोय ते कळतं. माझ्या वाट्याला उपग्रहाची रडार-चित्रं आली, उबदार खोली आली आणि कॉम्प्युटरचा मोठा पडदा आला. तुझ्या वाट्याला तळं आलं. मला वाटलं, बिचारी. आठवड्याभरात कळलं, की ते तू स्वतःहून मागून घेतलं होतंस.

"घरात बसून पाणी कळत नाही गं," तू म्हणालीस, आणि मला कृष्णेच्या पुलाची गोष्ट सांगितलीस. पावसाळ्यात नदी चढायला लागली की पाणी किती फुटांवर आलं ते रेडिओवर सांगतात, तरी अख्खी सांगली पुलावर जाते. छत्र्या घेऊन, पोरंबाळं घेऊन, कठड्याला टेकून पाणी बघते, वाद घालते आणि घरी येते. तुझे बाबा ऑफिसातून परस्पर पुलावर जायचे आणि चिंब होऊन घरी आल्यावर म्हणायचे, "रेडिओ बरोबर सांगतोय." मी विचारलं, "मग रेडिओ बरोबर सांगतोय हे बघायला भिजत जायची काय गरज?" तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं काही मी म्हटलं होतं, की लग्नाला कशाला जायचं, फोटो येतीलच ना.

हे तळंही तूच शोधलंस. यादीत ते नव्हतं. पावसात बस चुकली म्हणून तू फ्राऊ ल्यूडर्सच्या बोटघराच्या आडोशाला उभी राहिलीस, त्यांनी आत बोलावलं, आणि बोटघराच्या दाराची आतली बाजू तुला दिसली. दारावर पेन्सिलीने तारखाच तारखा. आधी त्यांच्या वडिलांच्या हातच्या, मग त्यांच्या स्वतःच्या. दर वसंतात एक तारीख: धक्क्यावर उभं राहून साध्या डोळ्यांनी तळ्यावर कुठेही बर्फाचा तुकडा दिसेनासा झाला तो दिवस. मधल्या काही ओळी रिकाम्या होत्या. तू विचारलंस, या वर्षांत बर्फ नव्हता का? तर त्या म्हणाल्या, "बर्फ होता. युद्ध होतं. बघायला घरात कुणी नव्हतं."

ओले बूटसुद्धा न काढता तू मला हे सांगत होतीस. आपल्या दोघींच्या भाड्याच्या घराच्या पॅसेजमध्ये पाण्याचं थारोळं झालं होतं आणि घरमालकीण वरून डोकावत होती. "कळतंय का तुला?" तू म्हणालीस. "जागा रिकामी राहिली म्हणजे बर्फ नव्हता असं नाही. बघणारं कुणी नव्हतं." मला त्यात एवढं हलून जाण्यासारखं काय आहे ते तेव्हा कळलं नाही. मी तुला आधी फडकं आणून दिलं.

मग तुझी दुपार ठरून गेली. गाडी, मग बस, मग गावातून चालत. धक्क्यावर तिसऱ्या फळीवर उभं राहायचं. दुर्बीण नाही, कारण दारावरच्या जुन्या तारखा दुर्बिणीतून बघितलेल्या नव्हत्या. तुझं म्हणणं, "सगळ्यांनी सारख्याच डोळ्यानं बघितलं तर त्या तारखा एका ओळीत बसतील." हे वाक्य पुढे मी माझ्या प्रबंधात फार जड शब्दांत लिहिलं, आणि परीक्षकांनी त्याचं कौतुक केलं. तुझ्या पाठीवरच्या पिशवीत थर्मास असायचा आणि आईने सांगलीहून पाठवलेल्या भडंगाचा डबा. फ्राऊ ल्यूडर्सना तू पहिल्यांदा भडंग दिलंस तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला वाटलं, आता हे तळं आपल्याला बंद. त्यांनी डोळे पुसले आणि डबा आपल्याकडे ओढून घेतला.

पहिल्या हिवाळ्यात मीही एकदा आले होते. तळं पुरतं गोठलं होतं, वर पांढरा बर्फ, काठावर एक माणूस नाही. आपण धक्क्यावर उभ्या होतो आणि तळ्याच्या पोटातून आवाज आला. आधी गुरगुर, मग या काठापासून त्या काठापर्यंत लांबच लांब कडाका. थंडी वाढली की बर्फ ताणला जातो आणि असा बोलतो, हे आपण दोघींनी पुस्तकात वाचलेलं होतं. पुस्तक त्या क्षणी कुणाला आठवतंय! "अगं आई गं!" असं ओरडत आपण जे पळालो ते थेट फ्राऊ ल्यूडर्सच्या कोंबड्यांत. डबा धक्क्यावरच राहिला. त्या दारात उभ्या राहून इतक्या हसल्या, की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. आधी कोण पळालं, हा आपला वाद शेवटपर्यंत मिटला नाही. तू पळालीस, शरयू. आता तू नाहीस म्हणून मी हे बदलणार नाही.

आणि तो हंस. पहिला वसंत, मार्चचा शेवट. माझ्या पडद्यावर ताजं चित्र आलं आणि तळं काळंभोर, एकसारखं दिसलं. रडारमध्ये शांत पाणी असंच काळं दिसतं. मी ऐटीत तुला मोबाईलवर फोन लावला.

"अभिनंदन! तळं उघडलं."

"होय काय?" तू म्हणालीस. तू धक्क्यावरच होतीस, वारा ऐकू येत होता. "मग समोर पाण्यावरनं हंस चालत निघालाय, तो कसा काय?"

"चालत?"

"चालत. मधेच घसरला. उठला. परत निघाला. तुझ्या उपग्रहाला विचार की, हंसाला पाय कुठं टेकवायला मिळाले."

बर्फ विरघळताना वरून ओला होतो, आणि ओला बर्फ रडारला शांत पाण्यासारखाच दिसतो. माझी सगळी चित्रं वसंताच्या ऐन मोक्याच्या दिवसांत मला फसवत होती, आणि तळ्याकाठी कुणी नसतं तर मला ते कधीच कळलं नसतं. तुला खोड्या काढायचा परवाना होता. तो तू घरी मनसोक्त वापरलास, आठवडाभर मी स्वयंपाकघरात शिरले की तू हंसासारखी चालून दाखवायचीस. पण गटाच्या बैठकीत तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आम्हा दोघींना मिळून एक गोष्ट सापडली आहे." मी तुझ्याकडे बघतच राहिले. मिळून कसलं? सापडली तुला होती, मी फक्त चुकले होते. माझ्या प्रबंधाचा सगळ्यात चांगला भाग त्या हंसातून निघाला, आणि त्यावर तू कधी हक्क सांगितला नाहीस. तुझे आभार मी मानले होते, पण ते छापील, प्रबंधाच्या पहिल्या पानावरचे. तोंडाने म्हणायला गेले की तू "चल की, पीठ मळ" म्हणायचीस.

पण मला तुझं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते त्या न गोठलेल्या हिवाळ्याचं. तो हिवाळा आलाच नाही म्हणावं इतका कोमट होता. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, तळं आपलं करडं आणि ओलं. कामच उरलं नव्हतं. मी म्हटलं, आता या वर्षी सुट्टी घे, घरी जाऊन ये. तू मात्र रोजची गाडी पकडून जातच राहिलीस. पावसात, चिखलात, तिसऱ्या फळीवर उभी राहायचीस, रिकामं पाणी बघायचीस आणि परत यायचीस. गटातले लोक हसायला लागले होते. योनास, जो आपल्या सगळ्यांच्या तारखा एकत्र करतो, त्याने एकदा जेवताना विचारलं, "शरयू, आल्झो, म्हणजे, नसलेला बर्फ तू नक्की कसा बघतेस?"

तू चमचा खाली ठेवलास. "रोज बघते," तू म्हणालीस. "एक दिवस जरी नाही गेले, तर त्या दिवशी बर्फ धरला नव्हता हे मी कशावरून म्हणू?"

मला त्या क्षणी बोटघराचं ते दार आठवलं. जागा रिकामी सोडली तर उद्या वाचणाऱ्याला वाटणार, की बघायला कुणी नव्हतं. 'नाही' असं लिहायचं, तर ते 'नाही' कुणीतरी हिवाळाभर बघितलेलं हवं. एप्रिलमध्ये तू आणि फ्राऊ ल्यूडर्सने मिळून दारावर लिहिलं, 'या हिवाळ्यात बर्फ धरला नाही'. हे एक वाक्य लिहायला तुझा सगळा हिवाळा गेला. त्या दिवशी तू घरी आलीस, शिरा केलास आणि मला वाढताना म्हणालीस, "आज फार बरं वाटतंय." नक्की कशाचं बरं वाटतंय ते मी विचारलं नाही, कारण मला कळलं होतं. असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्यानंतरही पाहिलेला नाही.

आता त्या दुसऱ्या बैठकीचं. तुझ्या हंसामुळे माझी पद्धत सुधारली, इतकी सुधारली, की आपल्या गटाचे प्रोफेसर म्हणाले, आता तळ्यावर जायची गरज नाही, चित्रं पुरेत. म्हणजे तू शोधलेल्या गोष्टीनेच तुझं काम काढून घेतलं. मला तोंड लपवावंसं वाटलं. तू मात्र ताठ बसून होतीस. प्रोफेसरांनी तुला समजावत विचारलं, माणसाचा डोळा चुकतो, हे तर तुम्हाला मान्य आहे ना?

"गेनाऊ, अगदी बरोबर," तू म्हणालीस. "चुकतो. म्हणून तर मी उद्या परत जाते. उपग्रह चुकला तर तो परत यायला कितीतरी दिवस लावतो, आणि तोवर त्याची चूक तारीख झालेली असते."

प्रोफेसर हसले, मान डोलावली, आणि निर्णय बदलला नाही. परतताना गाडीत आपलं जोरदार भांडण झालं. समोरच्या बाकावरच्या बाई पेपर खाली करून बघत होत्या.

"तू शांतपणे विचार कर," मी म्हणाले. "उत्तरेला हजारो तळी आहेत. प्रत्येक धक्क्यावर एक शरयू कुठून आणायची?"

"प्रत्येक धक्क्यावर कोण म्हणतंय? एका तरी राहू दे की."

"एकाने काय होणार?"

"तुझा हंस एकाच तळ्यावर चालत होता," तू म्हणालीस आणि खिडकीबाहेर बघायला लागलीस.

मी चिडून पाण्याची बाटली उघडली. आजही मला वाटतं, की माझं म्हणणं बरोबर होतं. हजार तळ्यांचं काय ते चित्रंच सांगू शकतात. फक्त तुझंही बरोबर होतं, आणि ते मी गाडीत कबूल केलं नाही, कारण तू जिंकलीस की तुझी मान जी एका बाजूला कलायची ती मला बघवत नसे. त्यानंतरही शनिवारी-रविवारी, आणि बर्फ जायच्या दिवसांत सुट्टी टाकून, तू स्वतःच्या पैशाने तळ्यावर जातच राहिलीस. भांडण आपण अर्धं सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात तुला धाप लागायला लागली, तपासण्या झाल्या, आणि मग असल्या भांडणाला आपल्याकडे वेळ उरला नाही.

त्या आजाराबद्दल मी लिहिणार नाही. तुला तो विषय आवडत नसे. सांगलीला परत निघताना विमानतळावर तू माझा हात धरून म्हणालीस, "भडंगाचा डबा ल्यूडर्सबाईंकडंच आहे, राहू दे त्यांना." तेवढंच. जानेवारीत तुझ्या भावाचा फोन आला तेव्हा मी इन्स्टिट्यूटमध्ये होते आणि समोर चित्र उघडं होतं. तळं नुकतंच पुरतं गोठलं होतं, या काठापासून त्या काठापर्यंत. मी फोन ठेवला आणि मला वाटलं, आता ते असंच राहावं. विरघळूच नये. असं काहीही मला सहसा वाटत नाही, तू हसली असतीस.

फेब्रुवारीत फ्राऊ ल्यूडर्सचं पत्र आलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय आणि पलीकडचा काठ त्यांना आता नुसता पांढरा दिसतो, बर्फ असो नसो. तुझं कळल्यावर त्या दोन दिवस बोटघरात गेल्या नाहीत, असं त्यांनी लिहिलं होतं. शेवटी एकच ओळ: 'या वर्षी जागा रिकामी राहील बहुतेक.' त्यांनी मला ये म्हटलं नव्हतं. येत्या शरद ऋतूत मी डार्मश्टाटला नव्या नोकरीवर जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. तिथून इथे यायचं म्हणजे अख्खा दिवस गाडीत.

मी सुट्टी टाकली आणि रविवारी इथे आले. खरं सांगते, तुझ्यासाठी म्हणून आले नव्हते. मला ती एक जागा रिकामी बघवली नसती, एवढंच. म्हटलं, दोन दिवस राहू, तारीख लिहू, जाऊ. मंगळवारी योनासने नवं चित्र पाठवलं, 'मोकळं!' असं लिहून. मी खिडकीतून पाहिलं. खरंच सगळं मोकळं होतं, फक्त समोरच्या दक्षिणेच्या काठाला, पाइनच्या सावलीत, एक करडा पट्टा पडून होता. चित्रात तो काठातच मिसळून गेला होता. माझ्या नियमाने हे तळं उघडलं होतं, माझी बॅगही भरलेली होती. मी जिन्यावरून खाली आले तर फ्राऊ ल्यूडर्स टेबलाशी बसल्या होत्या.

"पलीकडे आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

"थोडा आहे."

"जा," त्या म्हणाल्या, म्हणजे आपल्या मराठीतलं जा नव्हे, जर्मनमधलं 'हो'. बाकी काही नाही. आणि माझ्यापुढे दुसरा कप ठेवला.

मी बॅग परत वर नेली. बुधवारी थंडी पडली, पट्टा जागचा हलला नाही. गुरुवारी ढग. मी तुझ्या फळीवर उभी होते, दोन मोजे घालून, नाक गळत, आणि पहिल्यांदा कळलं, की तू इथे काय करत होतीस. काही करत नव्हतीस. बघत होतीस. किती अवघड आहे गं हे. मन दर पाच मिनिटांनी कुठेतरी पळतं, आणि दरवेळी त्याला कान धरून त्या पट्ट्यावर आणून बसवावं लागतं. पुण्याच्या मुलीला हे जमत नाही, तू म्हणाली असतीस. शुक्रवारी सकाळी वारा फिरला. बर्फ आता नुसत्या उभ्या काड्यांचा उरला होता, आणि लाट आली की काचेच्या बांगड्या एकमेकींवर आपटाव्यात तसा आवाज धक्क्यापर्यंत येत होता. हा आवाज तू मला कितीदा सांगितला होतास, आणि मी म्हटलं होतं, रेकॉर्ड करून आण. मी तिथे उभी राहून रडले, अगदी मोठ्याने रडले. बघायला फक्त बदकं होती.

मला तो पट्टा जायला नको होता. तो होता तोवर हे अजून तुझ्याच हिवाळ्यात चाललेलं होतं. तू असताना गोठलेलं पाणी, निदान त्याचा शेवटचा तुकडा. पण मी नजर काढली नाही. तो आधी मधे तुटला, मग दोन्ही तुकडे लहान होत गेले, आणि मग मी जिथे बघत होते तिथे पाणीच होतं. मी आणखी थोडा वेळ उभी राहिले, खात्री करायला. मग फ्राऊ ल्यूडर्सचा हात धरून त्यांना बोटघरात नेलं. त्यांनी बोटांनी चाचपून तुझ्या शेवटच्या ओळीखालची जागा दाखवली आणि मी तारीख लिहिली. अक्षर वाकडं आलं, दार खडबडीत आहे.

इन्स्टिट्यूटला मी तीच तारीख कळवली. तासाभरात योनासचा फोन आला. त्याच्या बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याचं काम तो करत होता.

"आल्झो, चित्रात मंगळवारीच मोकळं आहे. तू शुक्रवार लिहिलंयस. टाइप करताना चूक झाली का?"

"नाही. शुक्रवारच."

"पण तिथे तर आता कुणी बघत नाही ना?"

"मी बघते," मी म्हणाले.

"या वर्षी, हो. पण पुढच्या वर्षी तू डार्मश्टाटला असशील."

"डार्मश्टाटहून येईन. मी बघते, योनास. तसं लिहून ठेव."

कीबोर्डचा आवाज आला. लिहिलं त्याने. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की नोव्हेंबरपासून तुला द्यायचं राहिलेलं उत्तर मी त्याला देऊन बसले, आणि तेही जर्मनमध्ये. तू जिवंत असताना ते माझ्या तोंडून निघालं नाही, कारण 'हो' म्हटलं तर तू येणार नाहीस हे मान्य करावं लागलं असतं. आता तू येणार नाहीस. म्हणून आज सकाळी उठून, आपल्या भाषेत, ज्याचं त्याला नेऊन द्यावं तसं तुला सांगते आहे.

बघते गं, शरयू. मी बघते.